टेबल मिरजेत, हात पुण्यात

लेकीचं दुसरं बाळंतपण पुण्यातच करायचं ठरलं. डिंक, आळीव, बाळंतशेपा ही यादी माझी तोंडपाठ. अडलं ते संगणकापाशी. मिरजेला आमच्या घरी पुढच्या खोलीत माझं अक्षरजुळणीचं काम चालतं. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, गणेश मंडळांचे अहवाल. मराठी फॉन्टचं माझं सॉफ्टवेअर जुनं आहे. यूएसबीच्या खाचेत त्याचा डोंगल खोचलेला असला तरच ते उघडतं, आणि ते बसवलंय एकाच यंत्रावर. पंधरा वर्षांचं काम त्याच फॉन्टांत. दोन महिने पुण्याला राहायचं तर गिऱ्हाइकं सोडायची, की सीपीयू उचलून कोयना एक्स्प्रेसमध्ये चढवायचा?

जावई म्हणाले, "आई, सीपीयू राहू द्या मिरजेतच. तुम्ही इथं बसून तो चालवा."

तसं करता येतं, आणि आता मी ते रोजच्यासारखं करते. पण पहिल्या खेपेला, सराव म्हणून चार दिवस गेले होते तेव्हा फजिती झाली. पहिल्या संध्याकाळी सगळं झकास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेचं यंत्र हाकेला ओ देईना. बिघडलं नव्हतं, झोपलं होतं. बराच वेळ कुणी हात लावला नाही की झोपायचं, ही त्याची सवय मी मोडलीच नव्हती. आणि ती मोडायची सेटिंग होती मिरजेत, त्याच झोपलेल्या यंत्रात.

लांबून संगणक चालवण्यातली खरी गोम हीच आहे. अडचण येते आपण गावाला गेल्यावर, आणि उपाय असतो घरातच. म्हणून या लेखात लांबून काय करायचं ते थोडक्यात सांगते. निघण्याआधी काय करायचं ते सविस्तर.

आधी गरज तपासा

हा खटाटोप सगळ्यांना लागत नाही. तुम्हाला नुसत्या फाइली हव्या असतील, म्हणजे मुलांचे दाखले, घराची कागदपत्रं, चार पत्रं, तर त्या गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवा आणि निश्चिंत व्हा. गुगल खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यातच जीमेल आणि फोटोही बसतात हे मात्र लक्षात ठेवा.

घरचा संगणक लांबून चालवण्याची खरी गरज पडते ती तीन प्रसंगी. सॉफ्टवेअर त्या एकाच यंत्रावर आहे, जसं माझं. किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर, ज्याचा परवाना दुकानातल्या संगणकाला बांधलेला आहे. दुसरा प्रसंग, फाइली इतक्या मोठ्या की नेटवरून ने-आण करणं परवडत नाही. आणि तिसरा, घरी असलेल्या माणसाला मदत हवी आहे: आई-वडील मिरजेत, मुलगा बंगळुरूला, आणि बाबांना रेल्वेच्या तिकिटाचं पान सापडत नाही. या तिसऱ्या प्रसंगाची पद्धत वेगळी आहे, ती पुढे येईल.

हे चालतं कसं?

घरचा संगणक घरीच काम करत असतो. सॉफ्टवेअर, फाइल, प्रोसेसर, सगळं मिरजेत. पुण्यातल्या लॅपटॉपवर दिसतं ते मिरजेच्या पडद्याचं हलतं चित्र, आणि पुण्याहून मिरजेला जातात त्या फक्त दाबलेल्या कळा आणि माउसच्या हालचाली.

एवढं समजलं की बऱ्याच शंका आपोआप मिटतात. पुण्यातला लॅपटॉप जुना, मंद असला तरी चालतो, कारण तो फक्त चित्र दाखवतो. चित्र घराबाहेर पाठवायचं असल्यामुळे घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग महत्त्वाचा ठरतो. नेट घेताना आपण विचारतो तो वेग बहुधा डाउनलोडचा असतो. आणि मधेच नेट तुटलं तरी काम बुडत नाही. पुण्याला जाताना वाठार ते आदर्कीच्या घाटात मोबाइलचं नेटवर्क जातं. तिथं माझी जोडणी तुटते, पण मिरजेत फाइल जशीच्या तशी उघडी असते. लोणंदच्या आसपास पुन्हा जोडलं की कर्सर त्याच अर्ध्या शब्दापाशी लुकलुकत थांबलेला.

आता दोघांची गाठ पडते कशी ते पाहू. आज बऱ्याच नेट कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. टपालाच्या भाषेत सांगायचं तर पत्ता वाड्याचा आहे, खोलीचा नाही. पोस्टमन दारापर्यंत येतो आणि पुढे कुणाकडे जायचं ते त्याला कळत नाही. यूट्यूबवर पाहून राउटरमध्ये तासन्‌तास खटपट केली तरी बाहेरून घरचा संगणक सापडत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. लोकप्रिय सॉफ्टवेअर यातून वाट काढतात ती मिरजकरांना चटकन समजेल अशी: मधे एक जंक्शन ठेवतात. घरचा संगणक स्वतःहून त्या जंक्शनला जाऊन थांबतो, तुम्हीही पुण्याहून तिथंच पोचता, आणि तिथं दोघांची भेट घालून दिली जाते. आतून बाहेर जायला राउटर सहसा अडवत नाही, म्हणून राउटरला हात लावावा लागत नाही.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

घरगुती कामासाठी सगळ्यांत सोपं म्हणजे क्रोम रिमोट डेस्कटॉप. ते फुकट आहे. घरच्या संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये आपल्या गुगल खात्याने आत जा आणि रिमोटडेस्कटॉप डॉट गुगल डॉट कॉम हे पान उघडा. 'रिमोट अॅक्सेस' निवडून ते सांगेल ती फाइल उतरवून बसवा, संगणकाला नाव द्या, किमान सहा आकडी पिन ठरवा. झालं. पुण्यातल्या लॅपटॉपवर त्याच खात्याने तेच पान उघडलं की घरच्या संगणकाचं नाव दिसतं. त्यावर टिचकी मारून पिन द्यायचा. त्या टोकाला काही बसवावं लागत नाही. घरचं यंत्र मधे बंद होऊन पुन्हा चालू झालं, विंडोजच्या कुलुपाच्या पडद्यावर थांबलं, तरी जोडणी मिळते. ही सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉपही आहे. पण ज्या यंत्रात शिरायचं त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपांवर बहुधा होम आवृत्ती असते. तुमची कोणती ते सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या पानावर कळेल. त्यावर चित्र छान दिसतं आणि घरचा पडदा आपोआप कुलूपबंद राहतो, म्हणजे तुम्ही काय करताय ते घरातल्या कुणाला दिसत नाही. इथं एक ठेच बऱ्याच जणांना लागते: रोज चार आकडी पिनने संगणक उघडायची सवय असते, पण लांबून तो पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. आणि पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज लांबून आत घेतच नाही.

हे विंडोजचं साधन नुसतं उघडं मात्र कधीच ठेवू नका. त्याच्याबरोबर टेलस्केलसारखी खासगी जोडणी वापरा. टेलस्केल दोन्ही यंत्रांवर बसवून एकाच खात्याने आत गेलं की जगाला न दिसणारी आपली खासगी वाट तयार होते आणि घरच्या यंत्राला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. घरगुती वापरासाठी तेही फुकट आहे. मात्र ते १८० दिवसांनी पुन्हा ओळख मागतं. घरच्या यंत्रापुरती ही मुदत, म्हणजे 'की एक्स्पायरी', त्याच्या सेटिंगमध्ये बंद करून ठेवा. नाहीतर नेमके परगावी असताना दार लागेल.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही दोन्ही जर्मन कंपन्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. सोपी आहेत, पण फुकट आहेत ती घरगुती वापरापुरतीच. माझ्यासारखं धंद्याचं काम करायचं तर परवाना घ्यावा लागतो. रस्टडेस्क हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मधलं जंक्शनही स्वतःचं उभारता येतं, पण त्यासाठी घरात एखादा जाणकार हवा.

आई-बाबांना मदत करायची असेल तर त्यांचा संगणक कायमचा उघडा ठेवण्याची गरज नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्येच 'सपोर्ट'चा भाग आहे. त्यांनी बटण दाबलं की बारा आकडी संकेत तयार होतो. तो त्यांनी फोनवर तुम्हाला सांगायचा, तुम्ही टाकायचा, त्यांनी परवानगी द्यायची. संकेत एकदाच चालतो. त्यांच्या डोळ्यांदेखत काम होतं, आणि पुढच्या वेळी बाबा ते स्वतः करण्याची शक्यताही वाढते.

निघण्याआधीचा एक तास

आता मुख्य भाग. बॅग भरण्याच्या आदल्या दिवशी हे करा; निघायच्या सकाळी रिक्षा दारात असताना नको.

झोप मोडा. सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर या पानावर 'स्लीप' समोर 'नेव्हर' निवडा. पडदा बंद झाला तर हरकत नाही, यंत्र जागं राहिलं पाहिजे. घरी ठेवायचा लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर 'काही करू नको' हेही सांगावं लागतं. ती सेटिंग जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये आहे. महिना-दोन महिने चार्जरवर राहणाऱ्या लॅपटॉपला ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज होण्याची मर्यादा घालता येत असेल तर घाला, आणि तो गादीवर नव्हे, टेबलावर ठेवा.

विजेची सोय बघा. लाइट गेली की डेस्कटॉप बंद पडतो, आणि लाइट आली तरी बटण दाबायला घरात कुणी नसतं. यावरचा उपाय बायॉसमध्ये असतो. संगणक चालू करताना डिलीट किंवा एफ टू दाबून आत जा आणि 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' अशा अर्थाची ओळ शोधा. शब्द थोडे वेगळे असू शकतात. तिथं 'पॉवर ऑन' करा. मग वीज आली की यंत्र आपलं आपण उठतं. मला हे जमत नव्हतं, संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने पाच मिनिटांत करून दिलं. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. त्याला वीज फारशी लागत नाही.

बिलाची काळजी वाटत असेल तर हिशेब सोपा आहे. पडदा बंद असताना साधा डेस्कटॉप ५० वॅट घेतो असं धरलं, तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. लॅपटॉप यापेक्षा बराच कमी घेतो. रोज काम करायचं नसेल तर ही वीज वाया घालवू नका. फाइली ड्राइव्हवर टाका आणि यंत्र बंद करून जा.

नेटकडे लक्ष द्या. घरचा संगणक वायफायवर न ठेवता राउटरला केबलने जोडा. आणि नेटच्या रिचार्जची तारीख बघा. प्लॅन आपण गावाला असतानाच संपणार असेल तर आधीच भरून ठेवा. यंत्र जागं, वीज हजर, सगळं ठीक, आणि प्लॅन संपलेला, असा प्रकार ऐकायला गमतीचा वाटतो, सोसायला नाही.

अपडेट उरकून घ्या. थांबलेली सगळी अपडेट करा, यंत्र एकदा बंद-चालू करा. विंडोजमध्ये 'अॅक्टिव्ह अवर्स' नावाची सोय आहे. त्या वेळेत यंत्र आपण होऊन रीस्टार्ट होत नाही. ती जास्तीत जास्त १८ तासांची ठेवता येते. अजून विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मुदतवाढीची सुरक्षा अपडेट घेतली नसतील तर असं यंत्र दिवसरात्र नेटवर उघडं ठेवणं बरं नव्हे.

नक्कल काढून ठेवा. लांबून संगणक चालवता येतो म्हणजे फाइली सुरक्षित आहेत, असा समज होतो. तो खोटा आहे. कृष्णेकाठी हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली-मिरजेकडच्या किती घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलंय. पाण्यात बुडालेल्या सीपीयूला पुण्याहून कितीही पिन टाकले तरी तो उत्तर देत नाही. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा ड्राइव्हवर हवीच. पावसाळ्यात जाणार असाल आणि घर सखल भागात असेल, तर सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा.

किल्ली शेजारी द्या. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, एक माणूस लागतोच. आमच्या शेजारच्या काकूंकडे मी घराची किल्ली देते. सीपीयूच्या बटणावर लाल टिकली चिकटवली आहे, राउटरच्या प्लगवर हिरवी. "काकू, लाल टिकली एकदाच दाबा" एवढं फोनवर सांगितलं की काम भागतं. टिकल्या लावल्या नव्हत्या तेव्हा काकूंनी विचारलं होतं, "कुठलं गं बटण, टीव्हीचं का?" आणि पुढची वीस मिनिटं आम्ही दोघींनी फोनवर घालवली होती.

रंगीत तालीम

सगळं लावून झालं की बहुतेक जण घरातल्या घरात दुसऱ्या लॅपटॉपवरून चाचणी घेतात आणि खूश होतात. ती चाचणी अर्धीच असते. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असतात आणि बाहेरच्या वाटेची परीक्षा होतच नाही. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, लॅपटॉप त्या हॉटस्पॉटला जोडा आणि मग घरचं यंत्र उघडा.

उघडलं? आता लांबूनच रीस्टार्ट करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा जोडून बघा. जमलं तर काम बंद करा, घरचा मेन स्विच पाडा आणि दोन मिनिटांनी वर करा. यंत्र आपण होऊन उठलं आणि तुम्हाला आत घेतलं, तर निम्मी लढाई जिंकलात. शेवटी यंत्राला रात्रभर हात लावू नका आणि सकाळी अंथरुणातूनच फोनवर जोडून बघा. माझ्या पहिल्या फजितीचा शोध या एका रात्रीत लागला असता.

तिकडून काम करताना

सगळ्यांत आधी मराठी टंकलेखन. मिरजेच्या यंत्रावर मराठी कळफलक चालू आणि पुण्याच्या लॅपटॉपवरही मराठी चालू, असं झालं की अक्षरांची भेळ होते. नियम एकच: ज्या यंत्रावर काम होतंय तिथं मराठी, हाताखालच्या यंत्रावर इंग्रजी. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये हाताखालचा कळफलक पलीकडेही लागू होऊ शकतो, म्हणून जोडल्यावर कोपऱ्यातली भाषेची खूण एकदा बघून घ्या. मोठा मजकूर असेल तर मी तो इथंच युनिकोडमध्ये टाइप करते आणि तयार झाल्यावर मिरजेला पाठवते. प्रत्येक अक्षर उमटायची वाट बघत बसावं लागत नाही.

कळ दाबली आणि अक्षर उशिरा उमटलं तर घाबरू नका. दोष सहसा यंत्राचा नसतो, वाटेचा असतो. पडद्याचं रिझोल्यूशन कमी करा, वॉलपेपर साधा एकरंगी ठेवा, घरच्या यंत्रावर चालू असलेली ड्राइव्हची देवाणघेवाण थांबवा. माउसपेक्षा कळफलकाच्या शॉर्टकटवर भर द्या.

रंगावर विश्वास ठेवू नका. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर एका वाद्यकारागिरांची माहितीपत्रिका माझ्याकडे आली. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या पॉलिशची छटा मी पुण्यातून पाहून पक्की केली. मिरजेच्या पडद्यावर ती चांगलीच लालसर निघाली. चित्र नेटवरून पाठवताना ते दाबून लहान केलेलं असतं, बारीक छटा त्यात गळतात. आता रंगाचा निर्णय करायचा असेल तर मी मूळ फाइल उतरवून घेते.

हाच नियम डॉक्टर मंडळींना जास्त कडकपणे लागू आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय काढलं, तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव. दवाखान्याच्या संगणकावरच्या भेटीच्या वेळा, बिलं, नोंदी लांबून बघणं ठीक. पण एक्स-रे किंवा सीटी स्कॅन अशा दाबलेल्या चित्रावरून वाचू नये. त्यासाठी वेगळी साधनं आहेत. शिवाय पडद्यावर असते ती रुग्णाची खासगी माहिती, ती रेल्वेच्या डब्यात शेजारच्याला दिसेल अशी उघडू नये.

'प्रिंट' दाबण्याआधी विचार करा. पुण्यात बसून तुम्ही कागदाची वाट बघता आणि मिरजेत रिकाम्या घरात प्रिंटर घरघरू लागतो. आमच्या काकूंचा एकदा घाबऱ्या आवाजात फोन आला, "तुमच्या घरात कुणीतरी आहे गं, काहीतरी छापतंय!" पीडीएफ करा, ती आपल्याकडे उतरवून घ्या आणि मग छापा.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा: लांबून कधीही 'शट डाउन' करू नये. रोज संध्याकाळी काम संपलं की बोटं सवयीने तिकडे वळतात. फार तर 'रीस्टार्ट' करा. शट डाउन केलंत, तर काकू आणि त्यांची लाल टिकली हाच एक मार्ग उरतो.

कुलपाची गोष्ट

तुम्ही आत जाण्यासाठी केलेलं दार दुसऱ्याही कुणाला खुणावत असतं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं दार ३३८९ या क्रमांकाच्या पोर्टवर असतं हे सगळ्या जगाला माहीत आहे, आणि ते इंटरनेटवर उघडं सापडतंय का हे शोधत स्वयंचलित प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात. मे २०१९ मध्ये याच सेवेत 'ब्लूकीप' नावाची इतकी गंभीर त्रुटी सापडली की मायक्रोसॉफ्टने पाठिंबा केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. म्हणून राउटरमध्ये हा पोर्ट बाहेर उघडून द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरता तेव्हा तुमचं गुगल खातं हीच घराची किल्ली होते. त्याला दुहेरी पडताळणी लावा. पिन जन्मतारखेचा नको. सायबर कॅफेत किंवा परक्याच्या लॅपटॉपवर घरचा संगणक उघडू नका. कामाच्या ठिकाणच्या संगणकावर मालकाच्या किंवा आयटी विभागाच्या परवानगीशिवाय यातलं काहीच बसवू नका. एनीडेस्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं होतं. मोठ्या कंपनीचंही कुलूप फुटू शकतं. म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा आणि एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नका.

आता सगळ्यांत मोठा धोका. त्याला ना पोर्ट लागतो ना त्रुटी, तो फोनवरून येतो. "महावितरणमधून बोलतोय, बिल अपडेट नाही, आज रात्री लाइट तोडणार." किंवा, "बँकेतून बोलतोय, केवायसी संपलं." मग गोड आवाजात एक अॅप उतरवायला सांगतात आणि पडद्यावर आलेला आकडा विचारतात. अॅप खरं असतं, कंपनीही खरी असते. खोटा असतो तो बोलणारा माणूस. आकडा सांगितला आणि परवानगी दिली की तुमचा पडदा त्याला दिसू लागतो, ओटीपीसकट. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं.

घरातल्या ज्येष्ठांना सगळं तंत्र समजावत बसू नका. एकच वाक्य सांगा: आपण स्वतः फोन करून मदत मागितली असेल तरच आकडा सांगायचा, समोरून फोन आला असेल तर कधीच नाही. फसवणूक झालीच तर आधी फोन किंवा संगणकाचं नेट तोडा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

परत आल्यावर

दोन महिन्यांनी मी मिरजेला परतले. काकूंकडून किल्ली घेतली, दार उघडलं. प्रिंटरच्या ट्रेमध्ये माहितीपत्रिकेची तीन पानं पडली होती, काकूंना घाबरवणारी. त्यांच्यावर दोन महिन्यांची धूळ, आणि धुळीखाली तोच लालसर भोपळा.

चहा ठेवण्याआधी संगणकापाशी बसले. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये या यंत्राचा प्रवेश बंद केला, यादीतला जावयांचा जुना लॅपटॉपही काढून टाकला, झोपेची सेटिंग पूर्ववत केली. पाच मिनिटांचं काम, पण गावाहून आल्याच्या गडबडीत हमखास राहून जाणारं. आणि मग आपण घरात असूनही ते दार महिनोन्‌महिने उघडं राहतं. बायॉसची सेटिंग आणि बटणावरची लाल टिकली मात्र तशीच ठेवली. बारशाला पुन्हा जायचंय.